एका रंगाचं दोनदा बारसं

"एका लेकराचं दोनदा बारसं घालायचं न्हाय."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. सर ते म्हणायचे तेव्हा पेन्सिल कानावर खोचलेली असायची आणि हातातला बटर पेपरचा तुकडा माझ्या दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरलेला असायचा. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस एक्स-रे बघतोय. एका म्हातारीनं तर पिशवीतून आपल्या गुडघ्याचा एक्स-रे काढून त्यांच्यापुढं धरला होता. सरांनी तोही उजेडात धरून नीट बघितला आणि म्हणाले, "मावशी, हाडातलं मला काय कळत न्हाय बगा. डॉक्टरला दावा." म्हातारीला ते पटलं नाही. लपवतोय काहीतरी, असं पुटपुटत ती गेली.

मंगळवार पेठेत माझं टायपिंगचं दुकान होतं. आधी तीन रेमिंग्टन मशिनं, पुढं एक कॉम्प्युटर. कोर्टाचे कागद, पोरांचे प्रबंध, लग्नाच्या याद्या, जे येईल ते करायचे. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला एक दिवस सर सायकल भिंतीला टेकवून आत आले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात साध्या चपला. कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते, गडमुडशिंगीहून सायकलनं येऊन-जाऊन करायचे. पुढं कुठली तरी अवघड परीक्षा देऊन पेटंट एजंट झाले. कोल्हापुरात पेटंट एजंट म्हणजे काय हे सांगण्यातच त्यांची पहिली काही वर्षं गेली. लोकांना वाटायचं, हा विम्यासारखंच काहीतरी विकतो.

मलाही कळत नव्हतं. मी सरळ विचारलं, "सर, हे असतंय तरी काय?"

"तुम्ही नवीन कायतरी शोधून काढलासा, तर सरकार म्हणतंय, ठरलेली वर्षं हे तुमचं. दुसऱ्यानं करायचं न्हाय. त्येचा हा अर्ज."

"मग आमच्या सासूबाईंच्या तांबड्या रश्श्याला मिळेल का?"

"रश्श्याला न्हाय. रस्सा करायची रीत नवी असंल तर रीतीला. रसायनाचं आपल्याकडं तसंच हाय. वस्तूला पेटंट न्हाय, कृतीला हाय."

पुढं दोन हजार पाच साली कायदा बदलला, तेव्हा ते दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले, "ताई, आता वस्तूलाबी मिळतंय! सासूबाईस्नी सांगा!" सासूबाई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सरांच्या ते लक्षात आलं आणि ते एवढे ओशाळले, की त्या दिवशी चहाही घेतला नाही.

त्यांच्या कामाची रीत बघण्यासारखी होती. एका प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणातून त्यांनी षटकोन कापून घेतलेला. कुठलंही रसायन असो, त्याच्या रचनेच्या चित्रातली सगळी घरं त्या झाकणातूनच निघायची. आखलेलं चित्र बटर पेपरवर. आधी केलेल्या अर्जांचे बटर पेपर दोऱ्यानं बांधलेले. नवा अर्ज आला की नवं चित्र जुन्या चित्रांवर एकेक करून ठेवायचं आणि ट्यूबलाइटसमोर धरायचं. रेघेवर रेघ बसली, तर अर्ज परत. मग बारशाचं वाक्य. कारण असं करणारे खूप असतात, ते सांगायचे. एका रंगाचं पेटंट घेतात, मुदत सरत आली की जरासा फेरफार करून तोच रंग नवा म्हणून पुन्हा घेऊन येतात, म्हणजे आणखी तेवढीच वर्षं दुसऱ्यांना दार बंद. ह्याला दुहेरी पेटंट म्हणतात. अशी माणसं आली की सर गोड बोलून त्यांना वाटेला लावायचे.

दुसरी रीत वाचनाची. मी टाइप केलेलं पान मीच मोठ्यानं वाचायचं, ते डोळे मिटून स्टुलावर बसणार आणि प्रत्येक वाक्याला म्हणणार, "व्हय." चुकलं तर बोलायचे नाहीत. नुसते गप्प. त्या गप्प बसण्याची मला एवढी धास्ती होती, की 'व्हय' यायला जरा उशीर झाला तरी माझं बोट ओळीवर परत जायचं. मी तोंडानं फटकळ. एकदा वैतागून म्हणाले, "सर, चोवीस पानं! दुसरी गिऱ्हाइकं खोळंबलीत. करा की आता सही."

ते म्हणाले, "सही कुणाची?"

"तुमची."

"मग वाचा की."

आणि मग सांगितलं, एकदाच. त्यांचे वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं. जिथं म्हणतील तिथं अंगठा द्यायचे, कोऱ्या कागदावरसुद्धा. "छप्पन्न साली आमच्या घरानं धम्म घेतला. बा म्हणाला, पोरगं शाळंत जाईल आणि सही करंल. पण वाचल्याबिगार करायचा न्हाय. मला शाळंत घातलं ते एवढ्यासाठी." बुद्धपौर्णिमेला ते स्टीलच्या डब्यातून खीर आणायचे. त्या वर्षी खीर खाताना मी त्यांना चोवीस पानांबद्दल सॉरी म्हणाले. ते म्हणाले, "खीर खावा. पानं उद्या हायतच."

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते.

उद्यमनगरात एक फाउंड्रीवाले होते. सगळे त्यांना मालकच म्हणायचे, मीही तेच म्हणते. इंजिनाचे सुटे भाग ओतायचे. ओतीव भागाला केसाएवढी चीर पडलेली असते आणि डोळ्याला दिसत नाही. ती शोधायला एक चमकणारा रंग लागतो. भागावर लावायचा, थोडा वेळ ठेवायचा, धुऊन टाकायचा. चिरेत शिरलेला रंग तेवढा आत राहतो आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवा-पिवळा चमकतो. हा रंग बाहेरून यायचा. मालक जुने बीएस्सी, हट्टी माणूस. कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं खटपट करून त्यांनी स्वतःचा रंग बनवला. कायदा बदलल्या बदलल्या सरांकडे आले, म्हणाले, "सर, माझ्या रंगाचं बारसं घाला."

तो अर्ज गेला तो दिवस मला आठवतो, कारण लोडशेडिंग होतं. दुपारभर लाइट नव्हती. आली तेव्हा स्पीडपोस्टची वेळ संपायला पाऊण तास, आणि मालकांना अर्ज त्याच दिवशी गेलेला हवा होता. सरांनी हातानं लिहिलेला मसुदा समोर, मी धडाधड टाइप करत होते. छपाई झाली, तेव्हा वाचायला वेळच उरला नाही. मी म्हणाले, "सर, मी केलंय की नीट. किती वर्षं करतीय! करा सही, पळा." त्यांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सही केली आणि सायकलवर टांग टाकली. पोस्ट मिळालं. मला कोण आनंद झाला होता.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मालकांनी एक मुलगी कामाला ठेवली. सुनंदा, आजऱ्याची. रसायनात एमएस्सी. आई काजूच्या कारखान्यात काजू फोडायची. सुनंदानं त्या पत्र्याच्या शेडमध्ये मालकांचा रंग घेतला आणि त्यात एक बदल केला. मला सरांनी सांगितलं ते असं, की मालकांच्या रंगाला एका कार्बनची शेपटी होती, हिनं दोन कार्बनची लावली. ऐकायला एवढंसंच. पण मालकांचा रंग अगदी बारीक चिरेतून धुताना निघून जायचा, हिचा निघत नव्हता.

सरांनी दोन्ही चित्रं बटर पेपरवर आखली, एकावर एक ठेवून उजेडात धरली. शेपटीपाशी रेघा जुळल्या नाहीत. "हे लेकरू येगळं हाय," म्हणाले. दुसरा अर्ज केला. अर्जदार मालकांचीच कंपनी, पण शोध लावणारी म्हणून नाव सुनंदाचं. ते पान मी वाचलं तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती. तिचं नाव आलं आणि सर म्हणाले, "व्हय." तिनं मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"आईला इंग्रजी येत न्हाय ताई," ती म्हणाली. "पण माझं नाव वळखती. डिग्रीच्या कागदावर बघून बघून पाठ केलंय तिनं. ह्याच्यावर सरकारचा शिक्का बसला की आधी तिच्या हातात देणार." तिच्या आईची बोटं काजूच्या टरफलाच्या तेलानं कायमची काळी पडली होती. सुनंदा म्हणायची, घरात कुठलाही चांगला कागद आला, की आई आधी हात धुते आणि तरी लांबूनच बघते.

दोन वर्षांनी मुंबईच्या कचेरीतून तपासणीचा कागद आला. दुसऱ्या अर्जाला हरकत. याच अर्जदारानं पहिल्या अर्जात हे आधीच मागितलेलं आहे, एकाच गोष्टीला दोन पेटंटं मिळणार नाहीत.

सरांनी तो कागद माझ्या दुकानातच उघडला. मग पिशवीतून पहिल्या अर्जाची प्रत काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत शेपटी एक कार्बनची नव्हती. 'एक ते चार कार्बनांची' होती. म्हणजे दोनाचीही त्यातच आली. ज्या माणसानं दुसऱ्यांची दुहेरी पेटंटं वीस फुटांवरून ओळखली, त्याच्याच अर्जात एका रंगाचं दोनदा बारसं निघालं होतं.

मी काय केलं असेल? मी बोलले त्यांना. "सर, तुम्ही एवढं तपासता आणि असं कसं झालं हो? त्या पोरीचं नाव जाणार आता!"

ते म्हणाले, "व्हतंय की ताई. माणूस हाय." आणि चहा अर्धा ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी मालक आणि सुनंदा दोघंही दुकानात. मालकांचा आवाज असा, की समोरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायचा. पण त्या दिवशी ते खुशीत होते. "सर, हे तर झ्याकच झालं की! पहिल्यात चारी शेपट्या हायत. दुसरा अर्ज द्या सोडून. एकातच सगळं बसतंय, ते बी माझ्या नावावर."

सुनंदा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिच्या पगारावर घर चालत होतं, ती काय बोलणार?

सरांनी विचारलं, "मालक, दोन कार्बनाची शेपटी तुम्ही कधी केलती का?"

"न्हाय."

"तीनाची? चाराची?"

"न्हाय. म्हणून काय झालं?"

"मग अर्जात ती कशी आली? जे आपण केलंच न्हाय, ते आपलं म्हणून सांगितलंय. चूक माझी हाय. मी तुम्हाला लिहून देतो. पहिल्या अर्जातनं तीन शेपट्या काढू, एकच ठेवू. तो अर्ज परसिद्ध व्हायच्या आधी दुसरा गेलाय, म्हणून अजून जमतंय. मग दोन लेकरं, दोन बारशी."

मालकांचा चेहरा लाल झाला. "आयला, म्हंजे माझं कुंपण मीच आत घ्यायचं? तुमच्या चुकीपायी? एवढी वर्षं कागद करताय आणि..." पुढचं लिहीत नाही. माझ्या दुकानात येऊन सरांना असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी उठून काहीतरी बोलणार होते, पण सरांनी हातानंच बसवलं.

"कुंपण तुमच्याच कंपनीचं राहणार हाय, मालक. दोन्हीकडं. दुसरा अर्ज सोडला, तर जातंय ते फकस्त नाव. आणि ते तुमचं न्हाय, पोरीचं हाय," ते शांतपणे म्हणाले. "असं करा. गाडीत भरायला काढलेला एक भाग द्या. तुमच्या रंगानं पास झालेला. तुमच्याच हातानं दोन्ही रंग लावा. मग तुम्ही म्हणाल तसं."

दुकानाला कुलूप लावून मीही त्यांच्याबरोबर उद्यमनगरात गेले. एवढं झाल्यावर दुकानात कोण बसतंय? भर दुपारी मालकांनी शेडचं शटर ओढून घेतलं, आत काळोख केला. एक भाग घेतला, पुन्हा एकदा आपला रंग लावला, थांबले, धुतला, जांभळा दिवा लावला. भाग स्वच्छ. "बघा," म्हणाले. मग तो भाग नीट साफ करून सुनंदाचा रंग लावला. पुन्हा थांबणं, पुन्हा धुणं. दिवा जवळ नेला, तर भागाच्या कडेला एक बारीक हिरवी रेघ उभी होती. नखाएवढी लांब.

मालकांनी अंगठ्यानं ती रेघ पुसून बघितली. गेली नाही.

"हा मी पास करून गाडीत घालणार होतो," मालक म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा आला. मग सुनंदाकडं न बघता म्हणाले, "घाला सर. येगळं बारसं घाला."

पहिल्या अर्जातल्या तीन शेपट्या गेल्या, दुसऱ्या अर्जाचं उत्तर गेलं. सरांनी आपली चूक आपल्या हातानं लिहून मालकांना दिली. मालकांनी तो कागद ठेवून घेतला आणि त्यानंतरचं सगळं काम पुण्याच्या एका फर्मकडं दिलं. फाउंड्रीवाल्यांत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. सरांकडं येणारे कमी झाले. पण त्यांच्या तोंडून मालकांविषयी वाकडा शब्द मी ऐकला नाही. उलट म्हणायचे, "मालकानं स्वतःच्या डोळ्यानं बघितलं आणि मान्य केलं. किती जण करत्यात?" स्टुलावर येऊन बसायचे, दुसऱ्यांचे कागद मी टाइप करताना सवयीनं डोळे मिटायचे. मी मुद्दाम मोठ्यानं वाचायचे. वाढपी मंडळींच्या यादीलासुद्धा ते 'व्हय' म्हणायचे.

दोन हजार आठच्या थंडीत सर गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मी गडमुडशिंगीला गेले, तेव्हा सायकल अंगणात भिंतीला टेकवलेली होती, जशी माझ्या दुकानाबाहेर असायची. त्यांच्या मुलानं कागदांचं एक बोचकं माझ्या हातात दिलं. म्हणाला, "बाबा म्हणायचे, हे टायपिंगवाल्या ताईंचं काम हाय." मी ते कपाटावर ठेवलं. उघडायचं धाडस होत नव्हतं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सुनंदा आली. हातात आजऱ्याच्या काजूची पिशवी आणि एक झेरॉक्स. पेटंट मिळालं होतं. शोध लावणारी म्हणून तिचं एकटीचं नाव, खाली शिक्का.

"आईनं काय केलं?" मी विचारलं.

"हात धुतलं. मग म्हणाली, लांबनं न्हाय बघत ह्या वक्ताला. दोन्ही हातांनी धरून बसली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सरांस्नी दावायचं व्हतं ताई."

मी बोचकं खाली काढलं. म्हटलं, त्यांच्या हातचा तुझ्या रंगाचा बटर पेपर तूच ठेव. दोरा सोडला. वर झाकणाचा तो षटकोन, त्याखाली दोन्ही बटर पेपर आणि त्यांना टाचलेला एक जुना फुलस्केप. पहिल्या अर्जाचा मसुदा, सरांच्या वाटोळ्या अक्षरातला. माझी नजर सरळ त्या ओळीवर गेली.

'एक कार्बन.'

एकच. 'ते चार' कुठंच नव्हतं.

मी खुर्चीत बसले. लोडशेडिंग, पाऊण तास, स्पीडपोस्ट. वेळ वाचवायला मी कॉम्प्युटरवरच्या जुन्या एका अर्जातला परिच्छेद उचलला होता आणि त्यात नावं बदलली होती. तो कापडाच्या रंगाचा अर्ज होता. त्यात 'एक ते चार' होतं. ते तसंच राहिलं. चूक माझी होती. माझी! आणि मीच त्यांना म्हणाले होते, असं कसं झालं हो सर?

त्यांना माहीत होतं. तपासणीचा कागद आला त्या रात्री घरी जाऊन त्यांनी हा मसुदा काढला असणार, कारण समासात पेन्सिलीनं दोन शब्द होते आणि खाली त्याच आठवड्यातली तारीख होती.

'सही माझी.'

सुनंदा विचारत होती, काय झालं ताई, काय झालं. मी तो कागद तिच्याकडं सरकवला आणि सगळं सांगितलं. तिनं तो वाचला. मग ती उठली, सरांचं स्टूल ओढून घेतलं आणि त्याच्यावर बसली. कागद परत माझ्या हातात दिला.

"वाचा ताई," म्हणाली. "त्या दिवशी राहिलं व्हतं ते."

मी वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, एकेक वाक्य थांबत. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती बघत राहिली. शेपटीच्या ओळीवर आले आणि तिच्यावर बोट ठेवून वाचलं, "एक कार्बन."

स्टुलावर डोळे मिटून बसलेली सुनंदा म्हणाली, "व्हय."